लिनिया टी-जेटला कोणती मीटर लावायची? भुसावळच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी फियाट लिनिया टी-जेट, २०११ ची. पेट्रोल टर्बो, १३६८ सीसी, ११४ पीएस. टॉर्क २०७ न्यूटन मीटर, आणि तो २२०० आरपीएमलाच हाती येतो, म्हणून तर ही गाडी घेतली. माझ्याकडे चार वर्षं आहे. आजचा ओडोमीटर १,०८,३१० किमी.

वही सुरू करायचं कारण दिवाळीच्या आधीचं आहे. वरणगावहून परत येताना मागे निळा धूर दिसायला लागला. बापूंच्या गॅरेजला नेली. त्यांनी टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) हवेकडचा पाइप काढला, बोट आत घातलं आणि मला म्हणाले, "भाऊ, तुम्हीच हात लावून बघा." शाफ्ट बोटाने आडवा हलत होता आणि हलवला की पंख्याची पाती घराला टेकून टिक टिक वाजत होती. पाइपच्या आतून तेलाचा हात फिरलेला. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातूला धातू लागतो.

आधीच्या मालकाने तेल कधी आणि कोणतं टाकलं, याची एकही पावती मला मिळाली नव्हती. माझ्या हातात आल्यावर मी वेळेवर बदललं, पण तोवर बेअरिंगचं नुकसान झालेलं असणार, असं बापूंचं मत आहे. मला ते पटतं. सगळ्यात जास्त लागलं ते हे की या सगळ्या काळात डॅशबोर्डने मला काहीही सांगितलं नाही. तेलाचा लाल दिवा एकदाही लागला नाही.

तो लागणारही नव्हता. त्या दिव्यामागे साधा स्विच असतो आणि दाब साधारण अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेल्यावरच तो जुळतो. चार बारचा दाब दोनवर आला तरी दिवा विझलेलाच राहतो.

फियाटने भारतात गाड्या बनवणं बंद करून बरीच वर्षं झाली. टर्बो शोधायला मला सहा आठवडे लागले. दुसऱ्यांदा मिळेलच अशी खात्री नाही. म्हणून ठरवलं की मीटर लावायची. कोणती, ते या वहीत ठरेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

विकत घेण्याआधी, गाडीकडे आधीच काय माहिती आहे ते बघितलं. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायचं सॉकेट) ब्लूटूथचा ईएलएम ३२७ अडॅप्टर लावला आणि मोबाइलवर आकडे घेतले. थोरली शेजारी बसून लिहून घेत होती.

पहिली गोष्ट, पाण्याच्या तापमानाचा काटा. इंजिन ८२ अंशांना असताना काटा बरोबर मध्ये. ९२ ला मध्ये. सिग्नलला एसी लावून उभं राहिलो, ओबीडीवर १०१ आलं, पंखा सुरू झाला, तरीही काटा मध्येच. कंपन्या हे मुद्दाम करतात, काटा सारखा हलला तर गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिसला येतं म्हणून. पण त्यामुळे काटा हलेल तेव्हा आधीच उशीर झालेला असतो.

दुसरी, बूस्ट, म्हणजे टर्बोने बाहेरच्या हवेच्या दाबावर चढवलेला जास्तीचा दाब. मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब ओबीडीवर निरपेक्ष, म्हणजे शून्यापासून मोजलेला मिळतो, किलोपास्कलमध्ये. गाडी बंद, इग्निशन चालू: ९९. हा भुसावळच्या हवेचा दाब, गाव समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटरवर आहे, जुळतं. आयडलला ३४, म्हणजे व्हॅक्यूम. मुक्ताईनगरच्या रिकाम्या पट्ट्यात चौथ्या गिअरला पूर्ण पाय दाबला: १७६. त्यातून ९९ वजा केले की ७७, म्हणजे बूस्ट पाऊण बारच्या जरा वर. ओबीडीचा हा आकडा २५५ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण तो एका बाइटमध्ये येतो. ज्यांच्या गाडीला दीड बारच्या वर बूस्ट आहे त्यांना हा मार्ग अपुरा पडेल. माझ्या गाडीला भरपूर आहे.

तिसरी, आत येणाऱ्या हवेचं तापमान. हेही फुकट मिळतं.

तेलाचा दाब नाही. तेलाचं तापमान नाही. दोन्ही माझ्या गाडीच्या ओबीडीवर येतच नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुण्यातल्या मित्राशी तासभर फोन. त्याच्या टर्बो गाडीत तीन मीटर आहेत: बूस्ट, हवा-इंधन प्रमाण, एक्झॉस्टचं तापमान. तोही मनापासून सांगत होता, म्हणून प्रत्येकावर विचार करून लिहितो.

बूस्टचं मीटर सगळे पहिलं घेतात. काटा नाचतो, छान दिसतं, आणि खरी गोष्ट म्हणजे ते उपयोगाचंही आहे: नेहमीचा ०.७७ चा आकडा एक दिवस ०.६ झाला तर कुठेतरी पाइप फाटलाय किंवा क्लॅम्प सैल आहे. पण ते मला महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरतं, आणि ओबीडीवर मिळतं. (डिझेलवाल्यांसाठी एक: डिझेलला आयडलला व्हॅक्यूम जवळपास नसतो. व्हॅक्यूम दाखवणारं मीटर घेतलंत तर अर्धी तबकडी कायम रिकामी राहील. फक्त बूस्टचं घ्या.)

हवा-इंधन प्रमाणाचं वाइडबँड मीटर. ते लावायचं तर एक्झॉस्टला भोक पाडून बुश वेल्ड करावा लागतो, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर लागतो आणि तो कधीतरी बदलावाही लागतो. पेट्रोलला हवा १४.७ आणि इंधन १ हे आदर्श प्रमाण. बूस्टखाली मिश्रण त्याहून बरंच घट्ट लागतं, बारा-साडेबाराच्या आसपास, नाहीतर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके बसणं) होतं. ट्यूनिंग करणाऱ्याला हे मीटर नसेल तर तो आंधळा आहे. पण माझ्या गाडीचं मॅप (इंजिनच्या संगणकातलं इंधन-ठिणगीचं सेटिंग) कंपनीचंच आहे आणि तसंच राहणार आहे. समजा मीटरने १३ दाखवलं. चालत्या गाडीत मी त्याचं काय करणार? उद्या रिमॅप केलं तर पहिलं हेच घेईन.

एक्झॉस्टच्या तापमानाचं मीटर. याच्याशी माझं जवळचं नातं आहे. मी पॉवर स्टेशनात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, के-टाइप थर्मोकपल हे माझ्या रोजच्या हातातलं काम. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. साधी आणि सुंदर गोष्ट आहे ही. टर्बो पेट्रोलमध्ये लोड असताना एक्झॉस्ट ९०० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि टर्बाइनच्या आधी मोजलं तरच खरा आकडा कळतो, नंतर मोजलं तर कमी दिसतो. म्हणजे एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला भोक पाडायचं. मॅनिफोल्ड काढून पाडलं तर ठीक. न काढता पाडलं तर एक बारीक कीस टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसणार, आणि सहा आठवडे शोधून आणलेला टर्बो त्या कीसाने जाणार. हात फार शिवशिवतात, तरी नको. डिझेलला, त्यातही लोड ओढणाऱ्या गाडीला, हे मीटर पहिल्या नंबरवर असायला हवं. माझ्या गाडीला नाही.

२ मार्च, रविवार

नानांनी आज वहीत डोकावून बघितलं.

नाना रेल्वेत होते. उमेदीची वर्षं फायरमन म्हणून काढली, भुसावळ-सुरत पॅसेंजरवर वाफेच्या इंजिनावर. पुढे ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. मी बूस्ट, तेल वगैरे समजावून सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इंजिनावर एवढं मोठं प्रेशरचं घड्याळ समोर असायचं. नवा पोरगा आला की त्याची नजर तिथंच. आम्ही त्याला मान धरून बॉयलरच्या पाण्याच्या काचेकडे बघायला लावायचो."

मी विचारलं, का?

"प्रेशर पडलं तर गाडी लेट होते. नंदुरबारला स्टेशन मास्तर चार शब्द बोलतो, आपण ऐकून घेतो. काचेतलं पाणी गेलं तर फायरबॉक्सचं छत उघडं पडतं, शिशाचा प्लग वितळतो, आणि तो वेळेवर वितळला नाही तर आपण घरी येत नाही."

नानांना टर्बो माहीत नाही, पण गेले तीन आठवडे मी जे शब्दांत पकडू पाहत होतो ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. बूस्ट पडला तर गाडी मंद होते. तेल गेलं तर इंजिन जातं.

म्हणून ठरलं. विकत घ्यायची मीटर दोनच: तेलाचा दाब आणि तेलाचं तापमान. पाणी, आत येणारी हवा आणि बूस्ट यांच्यासाठी ओबीडीला जोडलेला एक छोटा डिस्प्ले.

९ मार्च, रविवार

खरेदी. काय शिकलो ते लिहून ठेवतो, पुढच्याचा वेळ वाचेल.

५२ मिमी आणि ६० मिमी अशा दोन मापांची मीटर मिळतात. ६० ची तबकडी वाचायला सोपी, पण लिनियात गिअरच्या पुढच्या कप्प्यात दोन ६० ची शेजारी शेजारी बसत नाहीत. ५२ ची घेतली. काचेच्या कडेच्या खांबावर लावायला पॉड मिळतात. ते उजव्या वळणावर रस्ता झाकतात. डॅशबोर्डच्या डोक्यावर लावायचा विचार एका मिनिटात सोडला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीत डॅशबोर्डला हात लावून बघा, मग कळेल.

दाबाचं मीटर शून्य ते दहा बारचं घेतलं. पाच बारचं जास्त बारीक दाखवतं, पण सकाळी थंड तेलाला काटा शेवटाला जाऊन टेकतो.

मीटर आणि सेन्सर एकमेकांचेच असले पाहिजेत. व्हीडीओच्या जातीचा दाबाचा सेन्सर शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास देतो. अमेरिकन पद्धतीचा बरोबर उलटा, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३. एकाचं मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर काटा हलतो, रुबाबात हलतो, आणि खोटं सांगतो.

तेलाच्या तापमानाचं पहिलं मीटर मी स्वस्तातलं, बिनानावाचं मागवलं होतं. स्वयंपाकघरात परीक्षा घेतली. पातेल्यात पाणी उकळलं, सेन्सर तारेला बांधून मधोमध सोडला, तळाला टेकू दिला नाही. शेजारी कामावरून आणलेला तपासलेला थर्मामीटर. आपल्या उंचीवर पाणी ९९ च्या किंचित वर उकळतं. थर्मामीटर ९९. मीटर ९१. गॅस बंद करून थंड होताना प्रत्येक दहा अंशांना नोंद घेतली: ८० ला ७४, ६० ला ५८. म्हणजे जितकं गरम, तितका फरक वाढतोय. १२० ला हे मीटर १०८ सांगून मला निश्चिंत ठेवणार. परत पाठवलं. दुसरं दुप्पट किमतीचं घेतलं. उकळत्या पाण्यात ९८. चालेल.

हे पातेलं आता गॅरेजमध्ये आहे. ही ते स्वयंपाकाला वापरणार नाही, आणि बरोबरच आहे.

१६ मार्च, रविवार

सेन्सर कुठे बसवायचे?

तेलाच्या तापमानाचा सेन्सर ड्रेन प्लगच्या जागी बसवणं सगळ्यात स्वस्त. पण तो तेलाच्या चेंबरच्या खाली लोंबतो. आपल्याकडच्या शिवरस्त्यांवर, केळीच्या बागेत जाताना गाडीच्या पोटाला ढेकळं लागतात ती मला माहीत आहेत. सेन्सर तुटला तर जेमतेम तीन लिटर तेल आहे, ते वाहून जायला दोन मिनिटं पुरतील. नको. तेलाच्या फिल्टरखाली बसणारी सँडविच प्लेट घेतली, तिला बाजूला भोकं असतात. एकात तापमान, दुसऱ्यात दाब. कंपनीचा लाल दिव्याचा स्विच आपल्या जागी तसाच राहतो. त्याला मी हातही लावणार नाही.

दाबाचा सेन्सर जड असतो, डबीसारखा. तो थेट प्लेटवर किंवा इंजिनवर पितळी जोडावर लटकवला तर कंपनाने पितळेला तडा जातो. बापूंनी एका ट्रॅक्टरवर असा तुटलेला जोड बघितलाय. सेन्सर गाडीच्या बॉडीला ब्रॅकेटवर घट्ट बसवायचा आणि प्लेटपासून तिथपर्यंत लवचिक होज न्यायचा. जळगावला जेसीबीचे हायड्रॉलिक होज क्रिम्प करणारं दुकान आहे, तिथून अर्ध्या मीटरचा तुकडा करून आणला. निपल आमच्या लेथवाल्या चाचांनी काढून दिला.

२३ मार्च, रविवार

गळती.

सगळं बसवलं, गाडी चालू केली, काटा साडेचारवर गेला. बापूंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. पंधरा मिनिटांनी खाली पुठ्ठ्यावर एक थेंब. मग दुसरा.

कुठून येतंय ते तेलकट इंजिनवर कळत नाही. रॉकेलने पुसून कोरडं केलं आणि वरून टाल्कम पावडर मारली. दोन मिनिटांत पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, थेट निपलच्या आट्यांमधून. घट्ट केलं. थांबलं. पुन्हा गरम झाल्यावर सुरू.

निपल बाहेर काढून नख आट्यांवर फिरवलं, मग आटे मोजायची फणी लावली. एक टोक बसत होतं, दुसऱ्या टोकाला उजेड दिसत होता. प्लेटची भोकं आठांश इंची एनपीटी (अमेरिकन मापाचे आटे) आहेत: इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. चाचांचा निपल आठांश इंची बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे आटे): इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. दोन-अडीच फेरे ते एकमेकांत बेमालूम जातात, मग आवळत येतात, आणि माणसाला वाटतं की चांगले घट्ट बसले.

चाचांचा यात काही दोष नाही. पाइप, ठिबक, डाळ मिल यांच्यावर चालणाऱ्या या जिल्ह्यात बीएसपीचेच आटे सगळीकडे. त्यांच्या पेटीत दुसरा डायच नव्हता आणि मी सांगितलंही नव्हतं. काही जपानी मीटर बीएसपीटीचीच येतात, अमेरिकन एनपीटीची. घेतानाच विचारायचं. जळगाव एमआयडीसीतून आठांश एनपीटीचा डाय आणून चाचांकडे दिला. ते पैसे घेईनात. शेवटी डाय त्यांनाच ठेवायला दिला, पुढच्या कोणाच्या कामाला येईल.

टेफ्लॉन टेप थरावर थर गुंडाळून गळती दाबता आली असती. पण एका तारेचा सेन्सर अर्थिंग आट्यांमधूनच घेतो, टेप जास्त झाली की अर्थिंग तुटतं आणि आकडा वेडावाकडा येतो. मी पातळ सीलंट वापरलं, आणि दाबाच्या सेन्सरला वेगळी अर्थिंगची तार दिली, कारण तो आता रबरी होजच्या टोकाला आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी वायरिंग. फ्यूज बॉक्समध्ये इग्निशननंतर जिवंत होणाऱ्या जागेवरून ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज, तबकडीच्या दिव्याची तार हेडलाइटच्या स्विचला. सेन्सरच्या तारा एक्झॉस्टपासून लांबून. संध्याकाळी पाच वाजता दोन्ही तबकड्या उजळल्या. नानांना बोलावून दाखवलं.

६ एप्रिल, रविवार

पायाभूत आकडे. हे नसतील तर पुढे बदल झाला हे कळणार कसं?

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ४.७ बार. गरम झाल्यावर आयडलला १.२. ९५ अंश तेलाला २५०० आरपीएमवर ३.६. सर्वसाधारण ठोकताळा असा की गरम इंजिनला हजार आरपीएममागे दहा पीएसआय, म्हणजे ०.७ बार, तरी हवा. २५०० ला १.७५ पुरे होते, मला दुप्पट मिळतंय. इंजिनची तब्येत चांगली आहे. टर्बो गेल्यापासून जी धाकधूक होती ती आज बरीच उतरली.

एक गोष्ट मात्र माझ्या सवयीवरच बोट ठेवणारी निघाली. घरून निघाल्यावर पाणी चार किलोमीटरमध्ये ८० अंशांना पोचतं. तेल तेवढं व्हायला अकरा किलोमीटर लागले. चौदा वर्षं ड्रायव्हिंग करतोय, पाण्याचा काटा वर आला की इंजिन गरम झालं असं समजून नाहाटा चौफुलीच्या पुढे पाय दाबत आलो. तेव्हा तेल ५० अंशांवर होतं. आता तेल ८० होईपर्यंत २५०० च्या वर नेत नाही.

२७ एप्रिल, रविवार

कन्नड घाट.

याच दिवसासाठी सगळं चाललं होतं. मी, बापू, नाना आणि मागे थोरली वही घेऊन. भुसावळहून जळगाव, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव. मोबाइलवर तापमान ४२ आणि जळगावच्या पुढे ४३. एसी पूर्ण वेळ. मोबाइल स्टँडवर लावला होता, तो पाचोऱ्याच्या आधीच तापून बंद पडला. छोटा डिस्प्ले खाली सावलीत होता, तो टिकला. ओबीडीसाठी मोबाइलवर विसंबायचं असेल तर खानदेशातला उन्हाळा ध्यानात ठेवा.

सपाटीला ८० च्या वेगाने तेल ९६, पाणी ८९, आत येणारी हवा ५१. चाळीसगावात रेल्वेजवळ गर्दीत दहा मिनिटं अडकलो तेव्हा आतली हवा ६८ वर गेली. गाडी तेव्हा जी मरगळलेली वाटते त्याचं कारण हे: हवा गरम झाली की ईसीयू (इंजिनचा संगणक) नॉकिंग टाळायला ठिणगी मागे घेतो. बूस्टचा आकडा तेवढाच होता. फक्त बूस्टचं मीटर असतं तर मी म्हणालो असतो, सगळं ठीक आहे.

घाटात २०२३ पासून अवजड वाहनांना बंदी आहे, त्यामुळे ट्रकमागे अडकायला होत नाही आणि सलग चढता येतं. दुसरा-तिसरा गिअर. पहिल्या वळणांना तेल १०१. मधल्या टप्प्यात १०९. पाणी ९७, पंखा सुरू, तिथेच स्थिर. डॅशबोर्डचा काटा अर्थातच मध्ये. तेल मात्र चढतच राहिलं: ११२, ११५. माथ्यावर पोचलो तेव्हा ११८.

बापूंनी हात पुढे केला, चावीकडे. सवय असते ती. पोचलो की बंद. मी थांबवलं. लगेच बंद केलं की टर्बोमधून तेल फिरायचं थांबतं आणि उरलेलं तेल तापलेल्या बेअरिंगवर जागच्या जागी जळतं, त्याची काजळी होते. आयडलला ठेवून चौघांनी काटा बघितला. दाब ०.९. एक मिनिट, ११६. दोन मिनिटं, ११२. अडीच मिनिटांनी बंद केली. नाना म्हणाले, "आता हे बरोबर आहे. इंजिनला उतरू द्यायचं."

११८ हा आकडा चांगल्या सिंथेटिक ५ डब्ल्यू ४० तेलाला झेपतो, घाबरायचं कारण नाही. पण तीनच लिटर तेल, असा उन्हाळा आणि टर्बो, हे एकत्र धरलं तर तेल बदलायचं अंतर आजपासून ५,००० किमी.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

ताईला माहेरी आणायला चोपड्याला गेलो आणि आलो. तेल ९८, आयडल १.१. आमरस-पुरणपोळीनंतर वहीत एवढंच.

११ मे, रविवार

वरणगावच्या अलीकडे दाबाचा काटा एकाएकी शून्यावर. मी त्याच क्षणी क्लच दाबून गाडी कडेला घेतली आणि बंद केली. छाती धडधडत होती. त्यातही लक्षात आलं की लाल दिवा लागलेला नव्हता. दाब खरोखर शून्य असता तर तो लागलाच असता.

डिपस्टिक बघितली, तेल पूर्ण. खाली गळती नाही. बापूंना फोन केला, ते मोटरसायकलवर मास्टर गेज घेऊन आले. लावलं, चालू केलं: ४ बार. आमचा काटा शून्यच. ब्रॅकेटवरच्या अर्थिंगच्या तारेचा वायसर रंगावर बसवला होता. रंग खरवडायला मी विसरलो होतो, कंपनाने संपर्क सुटला. कानस मारून धातू उघडा केला, स्टार वायसर टाकला, वर ग्रीस. काटा परत जागेवर.

दिव्याचा स्विच आणि मीटरचा सेन्सर एकमेकांपासून वेगळे ठेवले होते ते आज कामाला आलं. टी जोड लावताना बरेच जण कंपनीचा स्विच काढून टाकतात. काढू नये.

८ जून, रविवार

महिन्याचा बूस्ट तपासला. मुक्ताईनगरचा तोच पट्टा, चौथा गिअर. ०.६२. फेब्रुवारीत ०.७७ होता. चालवताना मला काहीच जाणवलं नव्हतं. इंटरकूलरच्या (टर्बोने तापलेली हवा थंड करणारी जाळी) खालच्या होजचा क्लॅम्प अर्धा फेरा सैल निघाला, जोडावर तेलाची ओल. आवळला. परत ०.७६.

तेल आणि फिल्टर बदलले. निघालेलं तेल चिंधीवर गाळून बघितलं, चमचम नाही. ओडोमीटर १,१२,६४०. थंड सुरुवात ४.६, गरम आयडल १.२, २५०० ला ३.६. पुढची नोंद पावसाळ्यानंतर.